असभ्य वर्तनाचे स्वरूप : संबोधन आणि प्रत्युत्तर यांच्या दृष्टीने एक विचार

१

मुंबईच्या बोलचालीत ‘अलिबाग से आया है क्या?’ हा प्रश्न दीर्घकाळ रूढ आहे. समोरचा मनुष्य भोळसट आहे, त्यास जगरहाटी ठाऊक नाही, एवढाच त्याचा अभिप्राय. मुंबई बंदराच्या पलीकडील तीरावर वसलेल्या या जिल्ह्याच्या ठाण्याची अशी संभावना का व्हावी, याचा उलगडा त्या गावाच्या इतिहासावरून होत नाही. कान्होजी आंग्रे यांच्या आरमाराशी त्याचे नाव निगडित आहे. मुंबईत विजेच्या ट्राम धावू लागल्यावर कुलाब्याच्या वेधशाळेतील चुंबकीय वेधांत व्यत्यय येणार, म्हणून १९०४ मध्ये ते काम अलिबागेस हलविण्यात आले, आणि तेथील नोंदी जगभरच्या भूचुंबकशास्त्रज्ञांस उपयोगी पडत आल्या आहेत. तथापि वाक्प्रचार इतिहास विचारून जन्मास येत नाहीत.

२०१९ च्या आरंभी अलिबाग तालुक्यातील एका रहिवाशाने या वाक्प्रयोगास मनाई करावी, अशी याचिका मुंबई उच्च न्यायालयात दाखल केली. न्यायालयाने ती फेटाळली. जवळजवळ प्रत्येक समाजगटावर विनोद होत असतात, त्यांत अपमान मानून घेऊ नये, असा न्यायालयाच्या म्हणण्याचा आशय होता. कायद्याने प्रत्येक वाक्प्रचारामागे धावू नये, हे कोणीही मान्य करील. परंतु त्यायोगे मूळ प्रश्न सुटत नाही. एखादे वर्तन उद्धट वा असभ्य आहे असे आपण म्हणतो, तेव्हा नेमके काय म्हणतो? अपमान हा ऐकणाऱ्याने ‘मानून घेण्याचा’ विषय आहे, की बोलणाऱ्याने केलेल्या कृतीचा गुणधर्म आहे? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार भाषेच्या, आणि विशेषतः संबोधनाच्या, अंगाने करावयाचा आहे. त्यासाठी लागणारी बहुतेक उदाहरणे रायगड जिल्ह्यातूनच, म्हणजे १९८१ पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्यातून घेतली आहेत.

२

असभ्य वर्तनाविषयी सामान्यतः दोन मते प्रचलित आहेत. पहिल्या मताप्रमाणे असभ्यता म्हणजे संकेतभंग. प्रत्येक समाजात उठण्याबसण्याचे, बोलण्याचालण्याचे काही संकेत असतात. ते मोडणारा तो असभ्य. हे मत सोयीचे आहे, परंतु अपुरे आहे. चुकीच्या हाताने प्रसाद घेणारा परदेशी पाहुणा आमचा संकेत मोडतो, पण त्यास कोणी उद्धट म्हणत नाही. उलटपक्षी, सर्व संकेत तंतोतंत पाळून, ‘आपण मोठे विद्वान आहात’ असे आदरार्थी रूप वापरून, एखाद्याचा पाणउतारा करता येतो, हे विद्यापीठाच्या आवारात वावरणाऱ्यांस सांगावयास नको.

दुसऱ्या मताप्रमाणे असभ्यता म्हणजे दुसऱ्याच्या भावना दुखावणे. हेही पुरेसे नाही. प्रबंधातील चूक दाखविली असता विद्यार्थ्यास दुःख होते, पण चूक दाखविणे हा उद्धटपणा नव्हे. याच्या उलट, पिढ्यानपिढ्या अवमान सोसलेल्या मनुष्यास त्याचे दुःख वाटेनासेही होऊ शकते. म्हणून काही तो अवमान नाहीसा होत नाही. दुःख हे अपमानाचे एक लक्षण असेल, त्याची व्याख्या नव्हे.

यास्तव तिसऱ्या एका मताकडे वळावे लागते. इमॅन्युएल कांट याने १७९७ च्या आपल्या नीतिविषयक ग्रंथात दुसऱ्याचा आदर न करण्याचे तीन दोष सांगितले आहेत : उद्दामपणा, बदनामी आणि टवाळी. कोणाचे मन दुखावते की नाही, यावर त्याने या दोषांचे दोषत्व आधारलेले नाही. मनुष्य म्हणून जी मान्यता दुसऱ्यास देणे लागते, ती नाकारणे हा त्यांतील समान धागा होय. परंतु ‘मान्यता’ हा शब्द तसा मोघम आहे. ती दिली किंवा नाकारली हे ओळखावयाचे कसे? माझ्या मते भाषाव्यवहार याचे एक स्पष्ट गमक पुरवितो. ज्याच्याशी आपण बोलतो त्यास उत्तर देण्याचा अधिकार आहे, असे आपल्या वर्तनात गृहीत असते तेथे सभ्यता असते. तो अधिकार जेथे हिरावून घेतला जातो तेथे असभ्यता असते. शब्द गोड की कडू, हा प्रश्न दुय्यम आहे.

३

हे गमक प्रथम वर दिलेल्या वाक्प्रयोगास लावून पाहू. त्याचे व्याकरणिक रूप प्रश्नाचे आहे. प्रश्न हा स्वभावतः उत्तराची वाट पाहतो. किंबहुना दुसऱ्यास बोलण्याची पाळी देणे हेच प्रश्नाचे कार्य. परंतु या प्रश्नास देता येण्याजोगे उत्तरच नाही. खरोखर अलिबागहून आलेल्या मनुष्याने ‘होय’ म्हटले, तर त्याच्या सत्य उत्तराने त्याच्याच मूर्खपणावर शिक्कामोर्तब होते. दुसऱ्या कोणी ‘नाही’ म्हटले, तर अलिबागहून येणे ही लाजिरवाणी गोष्ट आहे, हे गृहीतक त्याने मान्य केल्यासारखे होते. तो गप्प राहिला तर हरलाच. म्हणजे प्रश्नाचे रूप घेऊन ही उक्ती समोरच्याची उत्तर देण्याची वाट बंद करते. दोन मित्रांत तिचा प्रयोग झाला तर तो विनोद राहतो, कारण दुसरा मित्र तितक्याच सहजतेने पलटून बोलू शकतो. नोकरीच्या शोधात आलेल्या तरुणास मालकाने तेच म्हटले, तर तो विनोद उरत नाही. शब्द तेच, स्वर कदाचित तोच. पालटली ती उत्तर देण्याची शक्यता.

गावाच्या नावावरून दोष दर्शविण्याची चाल जुनी आणि सार्वत्रिक आहे. आमच्याकडे वेड पांघरून पेडगावास जातात. अथेन्सचे नागरिक बिओशियाच्या लोकांस मंदबुद्धी समजत. अशुद्ध प्रयोगास युरोपीय भाषांत रूढ असलेला ‘सॉलिसिझम’ हा शब्द सोलोई या नगराच्या नावावरून आला, असे परंपरा सांगते. आपल्या काव्यशास्त्रानेही ‘ग्राम्य’ हा दोष मानला. या सर्वांत एक गोष्ट समान आहे : नाव ठेवणारा मध्यभागी असतो आणि नाव ठेवले जाणारा त्या संभाषणात हजर नसतो.

४

आता संबोधनाकडे वळू. मराठीत ‘तू’, ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ अशी द्वितीय पुरुषाची तीन रूपे आहेत. एकेरी रूप अनादराचे आणि अनेकवचनी रूप आदराचे, असे शालेय व्याकरणात सांगितले जाते. वस्तुस्थिती इतकी सरळ नाही. आईस आपण ‘तू’ म्हणतो, विठोबास ‘तू’ म्हणतो, जिवलग मित्रास ‘तू’ म्हणतो. मग हेच ‘तू’ रिक्षावाल्यास उद्देशून उच्चारले असता उद्धट का ठरते?

रॉजर ब्राउन आणि अल्बर्ट गिलमन यांनी १९६० च्या आपल्या सुप्रसिद्ध निबंधात युरोपीय भाषांतील अशा सर्वनामांचा अभ्यास करून दोन तत्त्वे सांगितली : सत्ता आणि समभाव. सत्तेच्या संबंधात रूपे विषम असतात, म्हणजे एक ‘तू’ म्हणतो आणि दुसरा ‘तुम्ही’. समभावाच्या संबंधात ती परस्पर असतात. दोघेही ‘तू’ किंवा दोघेही ‘तुम्ही’. हा भेद ध्यानात घेतला म्हणजे वरील कोडे सुटते. उद्धटपणा ‘तू’ या रूपात नसून, ते रूप परत न करता येण्यात आहे. मराठी घरात हेच दिसते. पत्नीने ‘अहो’ म्हणावे आणि पतीने ‘अगं’ म्हणावे, ही व्यवस्था पिढ्यानपिढ्या चालली. आज पुष्कळ जोडपी परस्परांस नावाने आणि एकेरीत हाक मारतात. वडीलधाऱ्यांस ते प्रथम असभ्य वाटले, परंतु खरे पाहता त्या ‘तू’ने आदर घटविला नाही, विषमता घटविली.

रायगडच्या किनाऱ्यावर याचे एक रोजचे उदाहरण पाहावयास मिळते. आगरी व कोळी बोलींत एकेरीचा वापर प्रमाण मराठीहून पुष्कळच मोकळा आहे. अनोळखी गिऱ्हाइकासही मासळी विकणारी बाई ‘तुला काय पाहिजे?’ असे सहज विचारते. शहरातून आलेल्या सुशिक्षित गिऱ्हाइकास तो उर्मटपणा वाटतो. पण तेच गिऱ्हाईक तिला ‘ए मावशी, पापलेट कसं दिलंस?’ असे विचारीत असते, आणि त्यात काही वावगे आहे असे त्यास वाटत नाही. ‘मावशी’ या नात्याच्या शब्दाने एकेरी रूपाचा काटा बोथट झाला, असे तो समजतो. वस्तुतः बाईने त्याच्या ‘तू’ला ‘तू’ने उत्तर दिले, एवढेच घडले. ज्यास ती परतफेड खटकते, त्याने आपल्या ‘तू’मध्ये परतफेड अपेक्षिलीच नव्हती, हे उघड होते. बोलीच्या उद्धटपणाविषयीच्या तक्रारी तपासताना ही कसोटी उपयोगी पडेल.

५

संबोधनाची ही विषमता केवळ सवयीची बाब नव्हती; ती नियमबद्ध होती. पाणिनीच्या आठव्या अध्यायात प्रत्यभिवादनाचा, म्हणजे नमस्काराच्या उत्तराचा, एक नियम आहे. उत्तर देताना वाक्यातील अखेरचा स्वर प्लुत, अर्थात लांबवून, उच्चारावा. मात्र हे उत्तर शूद्रास उद्देशून असेल तर नव्हे. पुढे वार्तिककारांनी स्त्रियांसही यातून वगळले. अभिवादन कोणीही करावे, परंतु पूर्ण स्वरातील उत्तर सर्वांस नाही, असा हा भेद व्याकरणाच्या सूत्रात नोंदला गेला आहे. ज्याच्या आचारास ‘शिष्टाचार’ म्हणावयाचे तो ‘शिष्ट’ कोण, हेही पतंजलीने आर्यावर्तातील निर्लोभी ब्राह्मणांच्या उल्लेखाने ठरविले. शिष्टाचार या शब्दाच्या पोटात सौजन्याबरोबर अधिकाराची ही वाटणीही आहे.

मराठी समाजात तिची रूपे सर्वांच्या परिचयाची आहेत. एकाच नावाची रामराव, रामभाऊ, रामा, राम्या अशी उतरंड लावता येते, आणि कोणास कोणती पायरी मिळावयाची हे जन्मावरून ठरे. महारांनी वरच्या जातींस ‘जोहार’ घालावयाचा. उलट जोहार मिळत नसे. पुढे आंबेडकरी चळवळीतून ‘जय भीम’ हे अभिवादन रूढ झाले. त्याच्या आशयाची चर्चा पुष्कळ झाली आहे. त्याच्या रचनेकडेही लक्ष जावे. ‘जय भीम’चे उत्तर ‘जय भीम’ हेच असते. म्हणणारा आणि ऐकणारा यांची जागा कोणत्याही क्षणी बदलू शकते.

महाडचा इतिहास या प्रकाशात पाहिला म्हणजे असभ्यतेच्या प्रश्नाची खोली कळते. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबईच्या विधिमंडळाने रावबहादूर बोले यांचा ठराव संमत करून सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस खुले केले. महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये त्यास अनुसरून चवदार तळे खुले असल्याचे जाहीर केले. परंतु प्रत्यक्षात कोणी तेथे जाऊ शकत नव्हते. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर व परिषदेचे प्रतिनिधी यांनी तळ्याचे पाणी प्राशन केले. त्यानंतर प्रतिनिधींस मारहाण झाली, पंचगव्याने तळ्याची शुद्धी करण्यात आली, आणि ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. तळ्यावरील हक्काचा न्यायालयीन निकाल उच्च न्यायालयात १७ मार्च १९३७ रोजी लागला. आम्ही केवळ पाण्यासाठी तळ्यावर जात नाही, इतरांप्रमाणे आम्हीही माणसे आहोत हे सिद्ध करण्यासाठी जात आहोत, अशी भूमिका डॉ. आंबेडकरांनी १९२७ मध्येच मांडली होती.

तत्कालीन संकेतांच्या दृष्टीने पाहिले तर संकेतभंग पाणी पिणाऱ्यांनी केला. असभ्यता म्हणजे संकेतभंग, हे मत स्वीकारले तर त्यांनाच असभ्य म्हणावे लागेल. हा निष्कर्ष ज्यास मान्य नाही, त्याने ते मतही सोडले पाहिजे. अलिबाग तालुक्यात चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी १९३३ पासून १९३९ पर्यंत खोतांची जमीन न कसण्याचा संप चालविला. ज्यांनी केवळ ऐकावयाचे त्यांनी नकार उच्चारला, तोही खोतांस उद्दामपणाच वाटला असला तर नवल नाही. सत्तावंतास उत्तर मिळाले की तो त्यास उद्धटपणा म्हणतो. यासाठी ‘उद्धट कोण?’ हे विचारताना ‘उत्तर देण्यास बंदी कोणी केली होती?’ हे आधी विचारावे लागते.

६

येथवर प्रत्यक्ष उपमर्दाचा विचार झाला. परंतु आधुनिक समाजात ज्याविषयी अधिक तक्रार ऐकू येते, ते वर्तन बहुधा निराळ्या जातीचे असते. लाँचमध्ये किंवा एस. टी.त मोबाईलवर मोठ्याने गाणी लावणारा तरुण कोणाचा अपमान करू इच्छीत नाही. समुद्राच्या वाळूत मोटार घालणारा पर्यटक तेथे जाळी पसरून बसलेल्या कोळ्यास काही बोलत नाही. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक लावू नये, हा २००० सालच्या ध्वनिप्रदूषणविषयक नियमांतील निर्बंध मोडणाऱ्यास शेजारचे आजारी माणूस आठवतच नाही. कार्यालयातील कारकून मान वर न करता ‘उद्या या’ म्हणतो, त्यात त्याचा द्वेष नसतो. यास बेपर्वाई म्हणावे.

उपमर्द आणि बेपर्वाई यांतील भेद पुरुषवाचक सर्वनामांच्या परिभाषेत मांडता येतो. एमिल बेनव्हेनिस्त या फ्रेंच भाषाशास्त्रज्ञाने १९४६ मध्ये असे प्रतिपादन केले की ‘मी’ आणि ‘तू’ हेच खरे पुरुष होत. ‘तो’ हा संवादाच्या बाहेर असल्यामुळे एका अर्थी अ-पुरुष आहे. उपमर्द करणारा समोरच्यास निदान ‘तू’ या स्थानी ठेवतो; फक्त उत्तर देण्याचा त्याचा अधिकार काढून घेतो. बेपर्वा मनुष्य मात्र समोर हजर असलेल्यास ‘तो’ करून टाकतो. मासळीवालीस न विचारता तिचे छायाचित्र घेणारा तिला देखाव्याचा भाग समजतो. ती समोर असूनही तिच्याशी संवाद असा नाहीच.

यावर एक आक्षेप संभवतो. महानगरात अनोळखी माणसांकडे दुर्लक्ष करणे हीच सभ्यता नव्हे काय? गेऑर्ग झिमेल याने १९०३ च्या आपल्या व्याख्यानात, असंख्य संवेदनांपासून स्वतःचा बचाव करण्यासाठी शहरवासी अलिप्त होतो, असे दाखविले. एर्व्हिंग गॉफमन याने १९६३ मध्ये सभ्य दुर्लक्षाची कल्पना मांडली : अनोळखी मनुष्याकडे क्षणभर पाहून, तो तेथे आहे याची दखल घेऊन, मग नजर बाजूला करावयाची. या कल्पनेतच आक्षेपाचे उत्तर आहे. सभ्य दुर्लक्षाच्या आधी दखल असते. बेपर्वाईत ती नसते. लाँचमध्ये शेजाऱ्याशी न बोलणारा आणि शेजारी नाहीच असे समजून वागणारा, हे दोघे वरवर सारखे दिसले तरी एक नव्हेत. पहिल्यास ‘जरा आवाज कमी कराल का?’ असे म्हणता येते. दुसरा तो प्रश्न ऐकून चकित होतो किंवा चिडतो.

या किनाऱ्याचा मुंबईशी संपर्क आता फार वाढला आहे. मांडव्यास मोटारी वाहून नेणारी रो-रो बोट २०२० मध्ये सुरू झाली. १२ जानेवारी २०२४ रोजी न्हावा शेवाकडे जाणारा सुमारे २१.८ किलोमीटरचा अटल सेतू खुला झाला. अंतर कमी होणे म्हणजे ओळख वाढणे नव्हे. पूर्वी परस्परांस ‘अलिबागवाले’ आणि ‘मुंबईवाले’ म्हणणारे लोक आता एकाच वाळूत उभे राहतात, पण परस्परांशी बोलतीलच असे नाही. आधुनिक समाजातील असभ्यतेचे मूळ लोक अधिक दुष्ट झाले यात नसून, ज्यांना आपण कधी उत्तर देणे लागणार नाही अशा माणसांच्या सान्निध्यात आपला बराचसा वेळ जातो, यात आहे.

७

एक प्रश्न उरतो. सर्वच संबंध समान असू शकत नाहीत. शिक्षक विद्यार्थ्यास ‘तू’ म्हणतो आणि विद्यार्थी ‘सर, तुम्ही’ म्हणतो. मग प्रत्येक वर्ग असभ्यच मानावा काय? मला तसे वाटत नाही. रूपांची समानता हे परस्परतेचे एक चिन्ह आहे, परस्परता नव्हे. ज्या वर्गात एकेरीत हाक मारलेला विद्यार्थी उभा राहून ‘सर, हे उदाहरण नियमात बसत नाही’ असे म्हणू शकतो आणि त्यास समर्पक उत्तर मिळते, तेथे विषम रूपांआडही समानता नांदते. जेथे सर्वांस ‘आपण’ म्हटले जाते पण शंका विचारणे हा अपराध ठरतो, तेथे आदरार्थी रूपे शोभेपुरती असतात.

संस्थांचाही विचार याच अंगाने व्हावा. आविशाय मार्गालित याने १९९६ च्या आपल्या ग्रंथात सुसंस्कृत आणि सभ्य समाज असा भेद केला आहे : माणसे एकमेकांचा अवमान करीत नाहीत तो सुसंस्कृत, आणि संस्था माणसांचा अवमान करीत नाहीत तो सभ्य. आपल्या कायद्यानेही हे अंशतः ओळखले आहे. अनुसूचित जाती व जमातींवरील अत्याचारांस प्रतिबंध करणारा १९८९ चा अधिनियम लोकांदेखत हेतुपुरस्सर केलेल्या अवमानास गुन्हा मानतो. कारण तेथे उत्तर देण्याचा अधिकार शतकानुशतके नाकारला गेला होता. अलिबागच्या नावाचा विनोद आणि जातीच्या नावाने केलेली हेटाळणी यांत न्यायसंस्थेने केलेला फरक या दृष्टीने समजण्याजोगा आहे. पहिल्याचे उत्तर अलिबागकर देऊ शकतात, आणि देतातही. तरीही ज्या विशिष्ट माणसास ते देता येत नाही त्याच्यापुरता तो विनोद असभ्यच राहतो. आणि त्याची जबाबदारी न्यायालयाची नसून बोलणाऱ्याची आहे.

अखेरीस आपल्या विषयाच्या अभ्यासकांसाठी एक सूचना. रायगड जिल्ह्यात कातकरी, आगरी, कोळी या बोलींचे नमुने गोळा करावयास विद्यार्थी जातात. तेथे प्रश्न विचारणारे आपण असतो आणि उत्तरे देणारे ते. ‘हे वाक्य पुन्हा म्हण’ असे आपण आजोबांच्या वयाच्या माणसास सांगतो, आणि त्याच्या क्रियापदाची रूपे टिपून घेतो. त्याने मध्येच ‘हे तुम्ही कशाला लिहून घेता?’ असे विचारले, तर बहुधा घाईने काहीतरी सांगून पुढच्या वाक्याकडे वळले जाते. त्या क्षणी तो आपल्या दृष्टीने ‘तो’ झालेला असतो. त्याच्या प्रश्नास थांबून, त्यास समजेल असे खरे उत्तर देणे, हा क्षेत्रीय कामातील शिष्टाचाराचा भाग नव्हे, त्या कामाचाच भाग होय. कारण भाषा ही दोघांत घडणारी गोष्ट आहे. आणि ज्यास आपल्याला विचारता येत नाही, त्याच्याकडून आपल्यास वाक्ये मिळतील, त्याची भाषा मिळणार नाही.